नकाशामागच्या तक्त्याची परीक्षा

नकाशात काही चुकले तर ते लगेच डोळ्यांत भरते. सातारा जिल्हा समुद्रात जाऊन पडला किंवा नदी डोंगर चढू लागली, तर शाळकरी मुलगाही त्यावर बोट ठेवील. पण जीआयएसमधल्या, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीतल्या, प्रत्येक आकारामागे तक्त्याची एक ओळ असते, आणि त्या ओळीतली चूक महिनोन्‌महिने कोणाच्या नजरेस पडत नाही. गावाचा कोड, गट नंबर, क्षेत्र, पाहणीची तारीख, विहिरीतल्या पाण्याची पातळी हे सगळे त्या ओळीत असते. टँकर कुठे पाठवायचा, अनुदान कोणाला द्यायचे, रस्ता कोणत्या वस्तीपर्यंत न्यायचा, हे ठरवताना आकारापेक्षा ही ओळच जास्त वापरली जाते.

या तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याला एक डेटा टाइप असतो: पूर्णांक, दशांश, मजकूर, तारीख, हो-नाही. क्यूजीआयएस, जीडीएएल, पोस्टजीआयएस, जिओसर्व्हर ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअरे आज कार्यालयांत, महाविद्यालयांत, स्वयंसेवी संस्थांत सर्रास वापरली जातात. त्यांच्या माहितीपुस्तिकांत अमुक टाइप चालतो, तमुक चालत नाही, असे लिहिलेले असते. हे चालणे तपासायचे कसे, ते प्रकल्प स्वतः कसे तपासतात, आणि मराठी माहिती त्या तपासणीत कुठे बसते, हा या आढाव्याचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो. रकान्यात घातलेली किंमत फाइलमध्ये गेली, दुसऱ्या प्रोग्रामात उघडली आणि परत आली, तेव्हा ती जशीच्या तशी आणि त्याच टाइपची राहिली, तरच तो टाइप चालतो असे म्हणावे. फाइल उघडली आणि तक्ता दिसला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

या साऱ्या सॉफ्टवेअरांच्या तळाशी बहुधा एकच ग्रंथालय सापडते: जीडीएएल. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी ते १९९८ मध्ये सुरू केले. त्यातला ओजीआर हा भाग बिंदू, रेषा, बहुभुज आणि त्यांचे तक्ते वाचतो, लिहितो. क्यूजीआयएस, ग्रास, मॅपसर्व्हर, पायथनमधले जिओपांडाज हे सगळे फाइल उघडायला ओजीआरकडे जातात. म्हणून ओजीआरची टाइपांची यादी हीच व्यवहारात सगळ्यांची यादी होते. त्या यादीत पूर्णांक, ६४ बिटांचा पूर्णांक, दशांश, मजकूर, तारीख, वेळ, तारीख-वेळ, बायनरी आणि काही टाइपांच्या सूची आहेत. हो-नाही, १६ बिटांचा पूर्णांक, ३२ बिटांचा दशांश, जेसन, यूयूआयडी हे स्वतंत्र टाइप नाहीत, उपप्रकार आहेत. एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादे फॉरमॅट वाचणारा-लिहिणारा भाग, उपप्रकार ओळखत नसेल तर मूळ टाइप तेवढा उरतो, आणि हो-नाहीच्या रकान्यात १ आणि ० दिसू लागतात. रकान्याचे नाव ‘नळजोडणी’ असेल तर वाचणारा अर्थ लावू शकतो. नाव ‘स्थिती’ असेल तर त्या एक-शून्याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही.

६४ बिटांचा पूर्णांक ओजीआरमध्ये आला तो २०१५ साली, जीडीएएल २.० बरोबर. तोवर पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ होती. ही संख्या दहा अंकी आहे आणि २ ने सुरू होते. आपले मोबाइल क्रमांकही दहा अंकी आहेत, पण ते ६ ते ९ ने सुरू होतात. म्हणजे सरपंचाचा मोबाइल क्रमांक ३२ बिटांच्या पूर्णांकात बसतच नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात ही भिंत फेब्रुवारी २०१३ मध्ये आली. बिंदूंचे क्रमांक तेव्हा ही मर्यादा ओलांडून पुढे गेले आणि ३२ बिटांवर विसंबलेल्या प्रोग्रामांना बदलावे लागले. जीडीएएलचा ओपनस्ट्रीटमॅप ड्रायव्हर आजही हा क्रमांक मजकूर म्हणून देतो, आणि ते योग्यच आहे. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, तो क्रमांक दिसायला आकडा असला तरी मजकूर म्हणूनच ठेवावा. मोबाइल क्रमांक, पिन कोड, जनगणनेचे कोड, सगळ्यांना हा नियम लागू आहे.

ओपनस्ट्रीटमॅपने तर टाइपांचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे प्रत्येक टॅगचे नाव आणि किंमत दोन्ही मजकूर असतात, प्रत्येकी २५५ अक्षरांपर्यंत. रस्त्याची वेगमर्यादा, डोंगराची उंची, गावाचे मराठी नाव, सगळे मजकुरातच. त्यामुळे माहिती भरणाऱ्याचे काही हरवत नाही. पण ती पोस्टजीआयएसमध्ये उतरवणाऱ्याला ‘५०’, ‘५० किमी’ आणि ‘सुमारे ५०’ यांचा निवाडा स्वतः करावा लागतो. टाइप न ठेवणे हाही एक निर्णय असतो. फक्त त्याचा भार माहिती भरणाऱ्याकडून ती वापरणाऱ्याकडे सरकतो.

आता शेपफाइल या जुन्या फॉरमॅटकडे येऊ, कारण दुखण्याचे मूळ बऱ्याच वेळा तिथेच निघते. ईएसआरआय कंपनीने तिचे तांत्रिक वर्णन जुलै १९९८ मध्ये प्रसिद्ध केले आणि ती सगळ्यांची समान भाषा बनली. तिचा तक्ता मात्र त्याहून जुना आहे. तो डीबीएफ फाइलमध्ये असतो, आणि ते फॉरमॅट ॲश्टन-टेट कंपनीच्या डीबेसचे, म्हणजे १९८० च्या दशकातले. रकान्याचे नाव १० बाइटांपर्यंत, मजकूर २५४ बाइटांपर्यंत, रकाने २५५ पर्यंत, फाइल २ जीबीपर्यंत. तारखेला आठ अंक, वर्ष-महिना-दिवस. वेळेला जागाच नाही. संख्या बायनरी नसतात, अंकांच्या ओळी म्हणून लिहिलेल्या असतात.

इंग्रजी नावांवर याचा काय परिणाम होतो ते पुष्कळांनी पाहिले आहे. ‘पॉप्युलेशन’ या शब्दाची इंग्रजी अक्षरे बरोबर दहा. त्यामुळे २००१ ची लोकसंख्या आणि २०११ ची लोकसंख्या असे दोन रकाने निर्यात केले की दोन्हींची साले गळतात, आणि नावे एकसारखी होऊ नयेत म्हणून दुसऱ्याच्या शेवटी ओजीआर एक अंक चिकटवतो. कोणता रकाना कोणत्या सालाचा, हे फक्त निर्यात करणाऱ्याच्या आठवणीत राहते.

देवनागरीची गत याहून कठीण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. दहा बाइटांत तीनच चिन्हे मावतात. ‘गाव’ कसेबसे बसते: ग, काना, व. ‘तालुका’ची सहा चिन्हे आहेत, उरते ‘ताल’. ‘जिल्हा’चे ‘जिल’ होते. मजकुराच्या २५४ बाइटांत देवनागरीची ८४ चिन्हे बसतात, आणि ‘महाराष्ट्र’ या एका शब्दालाच दहा लागतात. एखाद्या पाहणीत ‘शेरा’ असा रकाना असेल आणि क्षेत्रीय कर्मचाऱ्याने दोन वाक्ये लिहिली असतील, तर दुसरे वाक्य अर्ध्यावर तुटलेले सापडते. मजकुराची अशी मर्यादा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणि पुढे येणाऱ्या जिओपॅकेज फॉरमॅटमध्ये अक्षरांत मोजतात, बाइटांत नाही. म्हणून ‘मजकूर, रुंदी १००’ असे एकाच शब्दांत वर्णन केलेले दोन रकाने मराठीसाठी सारखे नसतात. इंग्रजी नमुन्यावर चाचणी घेणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही, कारण इंग्रजीत अक्षर आणि बाइट यांची संख्या एकच असते.

त्यात एन्कोडिंगची भर. डीबीएफची अक्षरे कोणत्या पद्धतीने लिहिली आहेत हे सांगायला शेजारी .सीपीजी नावाची एक छोटी फाइल असते. ती ईमेल करताना मागे राहिली की उघडणारा प्रोग्राम अंदाज लावतो, आणि मराठी नावांच्या जागी खुणा लावलेल्या लॅटिन अक्षरांची रांग येते. माहिती नष्ट झालेली नसते. एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडले की ती परत दिसते. पण तशाच अवस्थेत कोणी ती पुन्हा सेव्ह केली, तर मात्र ती सावरणे फार अवघड जाते.

शेपफाइलमधली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: नोंद नसणे. पर्जन्यमापकावर त्या दिवशी शून्य मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या दिवशी कोणी नोंदच घेतली नाही, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेटाबेसमध्ये दुसरीसाठी ‘नल’ असते. डीबीएफमध्ये त्यासाठी ठरलेली जागा नाही. ओजीआर ज्यावर उभा आहे ते शेपलिब ग्रंथालय संख्येच्या रकान्यातल्या कोऱ्या जागा किंवा तारकाचिन्हे पाहून ती नल मानते. दुसरा एखादा प्रोग्राम त्याच कोऱ्या जागेला शून्य समजू शकतो. मजकुराच्या बाबतीत तर रिकामा मजकूर आणि नल यांत भेद करण्याची सोयच नाही. दुष्काळाच्या वर्षी सरासरी पाऊस काढताना नोंद नसलेले दिवस शून्य म्हणून मोजले गेले, तर आकडा खाली येतो आणि त्यावर पुढचे सगळे ठरते.

तारीख-वेळेबद्दल एक बारकावा सांगायलाच हवा, कारण चाचणी का लागते हे त्यातून स्पष्ट दिसते. तारीख आणि वेळ दोन्ही असलेला रकाना ओजीआरच्या आदेशाने शेपफाइलमध्ये पाठवला तर तो सूचना देऊन नुसत्या तारखेचा रकाना बनवतो, वेळ जाते. तोच रकाना क्यूजीआयएसच्या निर्यात खिडकीतून पाठवला तर तो मजकूर होतो. वेळ राहते, पण तारखेचा टाइप जातो. खाली ग्रंथालय तेच, वर वागणे वेगळे. दोन्ही निर्णयांमागे तर्क आहे. पण ‘क्यूजीआयएसमध्ये चालले, म्हणजे आदेशानेही चालेल’ हे गृहीत धरणाऱ्याचे काम इथे अडते.

संख्यांचा टाइपही शेपफाइल लक्षात ठेवत नाही, रुंदीवरून ठरवला जातो. दशांश नसलेल्या संख्येची रुंदी ९ अंकांपर्यंत असेल तर ओजीआर तिला साधा पूर्णांक म्हणतो, १० ते १८ असेल तर ६४ बिटांचा, त्याहून जास्त असेल तर दशांश. म्हणजे पाठवलेला टाइप आणि परत आलेला टाइप वेगळा असू शकतो, किंमत बदललेली नसली तरीही. फक्त किंमत तपासणारी चाचणी इथे उत्तीर्ण म्हणेल. पुढे एखादा प्रोग्राम टाइप पाहून जोड लावू लागला की मग अडचण येते.

जिओपॅकेज हे ओजीसी या प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेचे फॉरमॅट २०१४ मध्ये आले. ते एसक्यूलाइटवर उभे आहे, एकाच फाइलमध्ये सगळे मावते आणि यूटीएफ-८ किंवा यूटीएफ-१६ शिवाय दुसरे एन्कोडिंग त्यात संभवतच नाही. हो-नाही, लहान-मोठे पूर्णांक, दशांश, मजकूर, बायनरी, तारीख, तारीख-वेळ हे टाइप आहेत, आणि नल खरोखरच नल राहते. नुसत्या वेळेचा टाइप मात्र नाही. एसटी बसची सुटण्याची वेळ ठेवायची तर मजकूर वापरावा लागतो. सूचीही नाहीत, गावातली पिके एका रकान्यात ठेवायची तर जेसन मजकूर करावा लागतो. तरीही शेपफाइलशी तुलना केली तर हा बदल फार मोठा आहे, आणि क्यूजीआयएस ३ पासून नवी निर्यात मुळात याच फॉरमॅटमध्ये सुचवली जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. एसक्यूलाइट स्वभावतः टाइपाबाबत सैल आहे. रकाना पूर्णांकाचा जाहीर केला तरी त्यात ‘माहीत नाही’ असा मजकूर कोणी सरळ एसक्यूएलने घातला, तर एसक्यूलाइट तो ठेवून घेते. कडक टाइप पाळणारे तक्ते एसक्यूलाइटमध्ये २०२१ च्या ३.३७ या आवृत्तीपासून करता येतात, पण ती निवड जाणीवपूर्वक करावी लागते. म्हणून जिओपॅकेज तपासताना रकान्याचा जाहीर टाइप पाहून थांबू नये. प्रत्येक ओळीतली किंमत प्रत्यक्षात कोणत्या टाइपची आहे हेही विचारावे. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी एका शब्दाचे फंक्शन आहे.

वेळेच्या बाबतीत जिओपॅकेज जागतिक प्रमाणवेळ गृहीत धरते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास. पहाटे पाच वाजता दूध संकलन केंद्रावर झालेली नोंद जागतिक वेळेत आदल्या दिवशी रात्री साडेअकराची होते. वेळेचा विभाग नीट सांभाळला तर काही बिघडत नाही. तो वाटेत गळला तर सगळ्या पहाटेच्या नोंदी आदल्या तारखेला जातात. ओजीआर हा विभाग एका आकड्याने दाखवतो: १०० म्हणजे जागतिक वेळ, आणि पुढे दर पाव तासाला एक. आपले साडेपाच तास म्हणजे २२ पाव तास, म्हणून भारताचा आकडा १२२. पूर्ण तासांच्या फरकावर घेतलेल्या चाचणीत आपला हा अर्धा तास कधीच तपासला जात नाही.

सीएसव्ही आणि जिओजेसन ही दोन मजकुरी फॉरमॅट आता पाहू. सीएसव्हीमध्ये टाइप नावाची गोष्टच नाही. ओजीआर मुळात सगळे रकाने मजकूर समजतो, शेजारी .सीएसव्हीटी फाइल ठेवून टाइप सांगता येतो किंवा प्रोग्रामला अंदाज लावायला सांगता येते. मला मजकूर समजणे हेच सुरक्षित वाटते, कारण अंदाज लावणाऱ्याला आपले कोड ठाऊक नसतात. २०११ च्या जनगणनेत राज्याचा कोड दोन अंकी (महाराष्ट्र २७, गोवा ३०), जिल्ह्याचा तीन अंकी, उपजिल्ह्याचा म्हणजे आपल्या तालुक्याचा पाच अंकी आणि गावाचा सहा अंकी आहे. देशात तेव्हा ५,९२४ उपजिल्हे होते, म्हणजे पाच अंकी कोड जवळजवळ सगळे शून्याने सुरू होतात. संख्या म्हणून वाचले की तो शून्य जातो, ०४१०० चे ४१०० होते, आणि दुसऱ्या तक्त्याशी जोड लागत नाही.

चारही कोड सलग जोडले तर सोळा अंक होतात. एक्सेल संख्येचे पंधराच सार्थ अंक ठेवते आणि सोळाव्या जागी शून्य लिहिते. म्हणजे शेजारच्या नऊ-दहा गावांचा मिळून एकच कोड तयार होतो. हीच संख्या ६४ बिटांच्या दशांशात अचूक मावते, कारण तिथली सुरक्षित मर्यादा ९,००७ लाख कोटींच्या पुढे आहे आणि त्या जनगणनेतले राज्यांचे कोड ३५ पर्यंतच जातात. ३२ बिटांच्या दशांशात मात्र सातेक अंकच टिकतात. एकाच कोडाच्या तीन ठिकाणी तीन वेगळ्या अवस्था होतात, आणि कुठेही चूक म्हणून लाल अक्षर उमटत नाही.

गट नंबर तर आणखी नाजूक. ‘५/२’ हा हिस्सा स्प्रेडशीट तारीख समजून बदलते. ‘१२/१/अ’ मात्र वाचतो, कारण त्यात अक्षर आहे. परिणामी एकाच रकान्यात अर्ध्या तारखा आणि अर्धा मजकूर. जनुकशास्त्रज्ञांनाही हाच त्रास झाला होता, आणि मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च आणि सप्टेंबर महिन्यांसारखी दिसणारी काही जनुकांची नावे बदलली. आपल्याला गट नंबर बदलता येणार नाहीत. सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन भागांत, मध्ये दोन टिंबे देऊन लिहिण्याची रीत आहे: १.२५.५० म्हणजे १.२५५० हेक्टर. कुठलाही प्रोग्राम याला आपणहून संख्या मानणार नाही. ते मजकूर म्हणून आत घेऊन, मग नव्या दशांश रकान्यात रूपांतरित करणे हाच मार्ग आहे, आणि मूळ रकाना पुसून टाकू नये.

जिओजेसनचे प्रमाण २०१६ चे. त्यात मजकूर, संख्या, हो-नाही आणि नल आहेत, तारीख नाही. ओजीआर तारखेसारखा दिसणारा मजकूर ओळखून तारखेचा रकाना बनवतो, आणि एकाच रकान्यात संख्या व मजकूर मिसळले असतील तर सगळ्याचा मजकूर करतो. ब्राउझरमध्ये मात्र सगळ्या संख्या ६४ बिटांचे दशांश असतात, म्हणून ९००७१९९२५४७४०९९३ ही किंमत शेवटी ३ ऐवजी २ घेऊन दिसते. लीफलेट, ओपनलेयर्स वापरणाऱ्यांनी ही एक संख्या आपल्या चाचणीत ठेवावीच.

सर्व्हरच्या बाजूला पोस्टजीआयएस सगळ्यांत श्रीमंत. पोस्टग्रेसचे सगळे टाइप त्याला मिळतात: हवे तितके अंक ठेवणारी अचूक संख्या, यूयूआयडी, सूची, जेसन, वेळ-विभागासह तारीख-वेळ. पण ही श्रीमंती बाहेर पडताना ओजीआरच्या यादीतून जाते. अचूक संख्या दशांश होते, आणि वीस अंकी किमतीचे शेवटचे अंक जातात. मॅपसर्व्हर डब्ल्यूएफएस या वेब सेवेत सर्व रकाने मुळात मजकूर म्हणूनच देतो. टाइप हवा तर मॅपफाइलमध्ये सांगावा लागतो. जिओसर्व्हर टाइपासह देतो, पण शेपफाइल मागितली की पुन्हा दहा बाइटांची कात्री. व्हेक्टर टाइल्समध्ये मजकूर, संख्या आणि हो-नाही आहेत; तारीखही नाही आणि नलही नाही. फ्लॅटजिओबफ आणि २०२३ मध्ये १.० आवृत्तीला पोचलेले जिओपार्केट यांत टाइप भरपूर आहेत. जिओपार्केट तर सूची आणि अचूक संख्याही सांभाळते. पायथनमध्ये काम करणाऱ्यांना एक जुना सापळा माहीत असेल: पांडाजच्या साध्या पूर्णांक रकान्यात एकही किंमत रिकामी निघाली की सगळा रकाना दशांश होतो आणि पुण्याचा जिल्हा कोड ५२१ चा ५२१.० बनतो. तो पुढे मजकूर केला की टिंब आणि शून्य कोडालाच चिकटतात.

हे प्रकल्प स्वतःची परीक्षा कशी घेतात, हे पाहणे शिकण्यासारखे आहे. क्यूजीआयएसमध्ये डेटा पुरवणाऱ्या प्रत्येक प्रोव्हायडरला एकाच सामाईक चाचणीतून जावे लागते. तिच्या नमुन्यात थोड्याच ओळी आहेत, पण त्या फार विचाराने निवडल्या आहेत. संत्रे, सफरचंद अशी नावे, एक ऋण संख्या, एका ओळीत खरेखुरे नल, आणि त्याच ओळीच्या शेजारच्या रकान्यात ‘नल’ हा शब्द मजकूर म्हणून, तोही लहान-मोठ्या अक्षरांत मिसळून लिहिलेला. शिवाय आकडे मजकूर म्हणून ठेवलेला एक वेगळा रकाना. त्यांवर गाळणी, क्रम, कमाल-किमान, संपादन असे सारे तपासले जाते. एवढ्या लहान तक्त्यात किती चुका पकडल्या जातात, ते पाहून आदर वाटतो. जीडीएएलचा चाचणीसंच प्रत्येक ड्रायव्हरसाठी स्वतंत्र आहे आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर वाढतो. शिवाय प्रत्येक ड्रायव्हर कोणते टाइप नव्याने तयार करू शकतो हे प्रोग्रामला विचारता येते, आणि रूपांतर करताना टाइप बसत नसेल तर ओजीआर तशी सूचना छापतो. खिडकीत काम करणाऱ्याला मात्र ती सूचना बहुधा दिसत नाही. ती संदेशांच्या नोंदीत जाऊन पडते. ती नोंद उघडून वाचण्याची सवय लावून घेणे हे कुठल्याही नव्या सोयीपेक्षा मोलाचे आहे.

या चाचण्यांतून आपली माहिती सुटते, आणि त्यात त्या प्रकल्पांचा दोष नाही. कऱ्हाडचे उदाहरण घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. युनिकोडच्या नियमाप्रमाणे दोन्ही एकच. तिसरी रीत र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांची. ती दिसायला तीच, पण युनिकोडच्या लेखी वेगळी. पहिल्या दोन रीतींतला फरक सामान्यीकरणाने मिटतो, तिसरीचा मिटत नाही. दोन तक्त्यांत कऱ्हाड दोन रीतींनी लिहिले असेल तर नावावरून लावलेली जोड लागत नाही, आणि तालुक्याची ओळ रिकामी येते. देवनागरी अंकांचेही तसेच. ‘५२१’ हा मजकूर पायथन पूर्णांक म्हणून स्वीकारतो, पोस्टग्रेस नाकारतो. मजकूर हा टाइप सगळीकडे चालतो असे आपण धरून चालतो. मराठीत तोही तपासावा लागतो.

मग कोणी स्वतः चाचणी घ्यायची ठरवली तर काय करावे? एक लहान तक्ता करावा, वीस-पंचवीस ओळींचा, आणि प्रत्येक टाइपाच्या कडेच्या किमती त्यात घालाव्यात: ३२ बिटांची मर्यादा आणि तिच्यापुढची एक संख्या, ऋण संख्या, शून्य, नल, रिकामा मजकूर, शून्याने सुरू होणारा कोड, सोळा अंकी कोड, ‘५/२’, शंभर चिन्हांचा मराठी शेरा, ओळ तोडलेला मजकूर, कऱ्हाड वेगवेगळ्या रीतींनी, १९७० च्या आधीची जन्मतारीख, २९ फेब्रुवारी, पहाटे पाचची वेळ. हा तक्ता पोस्टजीआयएस किंवा जिओपॅकेजमध्ये जपून ठेवावा आणि प्रत्येक फॉरमॅटमध्ये पाठवून परत आणावा. परत आल्यावर किंमत, टाइप, नल आणि रकान्याचे नाव, चारही गोष्टी मूळ तक्त्याशी ताडाव्यात. मग वापरून पाहावे: क्रम लावल्यावर १० हा ९ च्या आधी येतो का, म्हणजे संख्या मजकूर झाली आहे का, रंगांची वर्गवारी त्या रकान्यावर करता येते का, गाळणीत नल वेगळे निघते का, संपादनाच्या खिडकीत तारखेला दिनदर्शिका उघडते का. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की हेच पुन्हा करावे, कारण आवृत्तीगणिक वागणे बदलते, बहुतेक वेळा सुधारते.

माझा निर्णय स्पष्ट आहे. नवी माहिती शेपफाइलमध्ये प्रसिद्ध करणे आता थांबवावे. देवाणघेवाणीला जिओपॅकेज पुरेसे आहे, मोठ्या संचांना जिओपार्केट, आणि सीएसव्ही द्यायचीच असेल तर सोबत टाइप सांगणारी फाइल द्यावी. सगळे कोड मजकूर म्हणून ठेवावेत. गट नंबर आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र मूळ रूपात एका रकान्यात राहू द्यावे.

आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, कार्यालयांतल्या जीआयएस कर्मचाऱ्यांना एक विनंती आहे. आपल्या तालुक्यातले खरे नमुने घेऊन असा एक तक्ता तयार करा, त्यात कोणाची वैयक्तिक माहिती ठेवू नका, आणि तो मुक्त परवान्याने सर्वांना द्या. जिथे तो मोडेल तिथली लहानात लहान फाइल आणि नेमक्या पायऱ्या क्यूजीआयएस किंवा जीडीएएलच्या गिटहबवर नोंदवा. दोन्ही प्रकल्प तिथे कोणाच्याही तक्रारी स्वीकारतात, आणि दुरुस्तीबरोबर येणारा नमुना चाचणीसंचात कायमचा राहतो.